साडेचार इंच

२ मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या घोट्याच्या प्लास्टरला अजून महिना आहे हे कळले. आई म्हणाली, की पट्टीराव एका जागी बसले म्हणजे आता घरातल्या माणसांचीही मोजमापे घेतील. म्हणून मीच तुम्हाला काम देते आहे.

आमच्या शिशाच्या सैनिकांच्या खेळाला तुम्ही एकदा "मोठ्या माणसांची भातुकली" म्हणाला होता. चालेल. या वेळी लढाई गावातल्या रस्त्यावर आहे आणि एकाला एक लागून असलेल्या सहा घरांची रांग करायचे काम माझ्याकडे आले आहे. छपरे उचलता आली पाहिजेत, म्हणजे सैनिक आत ठेवता येतात. रविवारी ३१ मार्चला आम्ही आठजण आमच्याच पुढच्या खोलीत खेळणार. दवाखान्यात दिवसभर औषधे मोजून देणारी मी, घर कसे मोजतात ते मला येत नाही. दातांचे डॉक्टर आमच्यातले सर्वांत खवचट खेळाडू. मागच्या वेळी त्यांनी माझ्या पुठ्ठ्याच्या चर्चला बिस्किटाचा डबा म्हटले. या वेळी त्यांचे तोंड बंद करायचे आहे.

कळावे, आणि लवकर कळवावे.
तुमची टिकली

६ मार्च

चि. टिकलीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र तीनदा वाचले. नकाशे काढण्यात चौतीस वर्षे गेलेल्या माणसाला तू हे विचारलेस, तेव्हा आता सुटका नाही.

पहिली गोष्ट: मनाने घर रचू नकोस. तुमचीच रांग कर. जे घर मोजता येते त्यालाच घरपण येते. मनातल्या घराच्या खिडक्या नेहमी एकसारख्या निघतात आणि लबाडी तिथेच उघडी पडते. प्रमाण एक इंचाला पाच फूट धर. दारे मात्र किंचित मोठी ठेव, कारण तुझे सैनिक गोल बैठकीवर उभे असतात आणि माणूस शिरला तरी बैठक अडते. रस्ता हाताचा पंजा सहज जाईल इतका रुंद हवा, नाहीतर पहिल्याच चालीत डॉक्टरांची बाही अर्धे सैन्य झोपवील.

आता खरी गंमत. रांगेतल्या मधल्या घराला स्वतःच्या अशा दोनच भिंती असतात, पुढची आणि मागची. बाजूच्या दोन्ही शेजाऱ्यांशी सामाईक. ही सामाईक भिंत अर्धी याची, अर्धी त्याची नसते; ती पूर्ण दोघांची असते, कारण दोन्हीकडच्या तुळया तिच्यावरच टेकतात. विटेची ही भिंत नऊ इंची. तुझ्या प्रमाणात ती जवळजवळ चार मिलिमीटर होते, म्हणजे दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे दोन थर. किती सोयीचे आहे बघ!

जाडी थेट मोजता येत नाही, ती अशी काढ. रस्त्यावरून तुमच्या दाराच्या कडेपासून शेजारच्या शिंप्याच्या दाराच्या कडेपर्यंत टेप धर. मग तुमच्या दारापासून भिंतीपर्यंत आतून मोज, तसेच त्याच्याकडे. बाहेरच्या मापातून आतली दोन वजा केलीस की उरते ती भिंत. वरच्या मजल्यावर खिडक्यांच्या कडा धरून हेच कर. सोबत माझा जुना ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का ते बघायची वजनाची दोरी, पाठवतो. मॉडेलला त्याचा उपयोग नाही, पण घरात असावा.

ताईला नमस्कार सांग. तिची नव्हे, तुझीच मापे हवी आहेत म्हणावे.
प्रेम आहेच, ते मोजायचे नसते.
तुझा मामा

१३ मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

मोजले. वरच्या मजल्यावर भिंत बरोबर नऊ इंच आली आणि मी जिन्यातच टाळी वाजवली. खाली मात्र गणित बिघडले. बाहेरून चौदा फूट नऊ इंच. आमच्या बाजूने आत सात फूट. शिंपीकाकांकडे सात फूट साडेचार इंच. भिंतीला उरतात साडेचार इंच! पुन्हा मोजले, तेच. काका टेपचे दुसरे टोक धरून उभे होते. त्यांनी विचारले, की ब्लाऊजचे माप घेताना मी कधी चुकत नाही, मग तू भिंतीला का चुकतेस? त्यांच्याकडे त्या भिंतीत छतापर्यंत कापडाचे कपाट आहे. तागे सरकवून मी टेप अगदी पाठीपर्यंत नेला होता.

चूक कुठे झाली?

आई म्हणते, की लहानपणापासून पट्टीरावांचे सगळे हिशेब वरून बरोबर आणि खालून चूक असायचे.

माया पातळ होऊ देऊ नका.
टिकली

१७ मार्च

चि. टिकलीस,
अ. उ. आ.

घाबरू नकोस. मोजणी पहिल्या फेरीत कधीच जुळत नाही. जुळली तर उलट मला संशय येतो. टेपचे टोक वाकले असेल, ताग्यांमधून तो तिरका गेला असेल, गिलाव्याची जाडी कुठे धरली कुठे सुटली असेल. नऊ इंची भिंत वर नऊ आणि खाली साडेचार असूच शकत नाही. जास्त जाड भाग नेहमी खाली असतो, ही मुळातली गोष्ट आहे.

अशा वेळी आमच्या खात्यात एक पद्धत असे. राहिलेला फरक सर्व मापांत थोडाथोडा वाटून टाकायचा. दीड इंच तुमच्या खोलीत, दीड शिंप्याच्या, दीड भिंतीत. तुझ्या प्रमाणात दीड इंच म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक. डॉक्टरांच्या दाताच्या सुईलाही तो सापडणार नाही. भिंत दोन्ही मजल्यांवर दोन थरांचीच कर. नकाशा सुबक मिटतो आणि झोप लागते.

सरस लावल्यावर वर वजन ठेवून एक रात्र वाळू दे.
असाच हट्टाने प्रश्न विचारत राहा.
मामा

२२ मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

चार घरे उभी राहिली. विटा मी बोथट पेन्सिलीने पुठ्ठ्यावर दाबून काढते आहे. एका घराला दोन संध्याकाळी लागतात. आमचे आणि शिंपीकाकांचे घर शेवटी ठेवले आहे. फरक वाटून टाकावा म्हणते, पण हात होत नाही. दोनदा मोजलेले माप खोटे कसे लिहू?

बाकी घरचे म्हणाल तर पुढच्या खोलीचे दार महिनाभर लागत नाही. आई त्याला लाथ घालते आणि तुमचे नाव घेते. तिची खुर्ची शिंपीकाकांकडच्या भिंतीला टेकून असते, उबदार म्हणून. तिथे बसले की चहात वाळू पडते, त्यावरून रोज माझ्या झाडण्याचा उद्धार होतो. पुढच्या शुक्रवारी खेळासाठी सागवानी टेबल येईल, चारजण उचलतात इतके जड. तेही त्याच भिंतीशी लावू, म्हणजे आठजणांना फिरायला जागा राहील.

पाय जपा, आणि रविवारी माझ्या जयाची वाट पाहा.
टिकली

२५ मार्च, सकाळी

टिकली,

मायना पुढच्या पत्रात.

पत्र हातात पडताच ताईला घराबाहेर काढ. सामान नको. शिंप्यालाही काढ. टेबल येऊ देऊ नकोस. दाराला लाथ मारू नका, कपाटातले तागे हलवू नका. गवंडी बोलावून दोन्ही बाजूंनी तुळयांना टेकू लाव, त्याआधी त्या खोलीत कोणी जायचे नाही.

तुझे माप बरोबर होते. भिंत खालून कोरलेली आहे. वरची नऊ इंची भिंत आणि दोन्ही घरांच्या तुळया साडेचार इंचांवर उभ्या आहेत. दार अडते ते चौकट दबल्यामुळे, चहातली वाळू विटांमधल्या दर्जांतून गळते आहे. हे तेरा तारखेलाच तू मला आकड्यांत लिहिले होतेस आणि मी ते वाटून टाकायला सांगितले.

तुमच्या घरी फोन नाही, म्हणून दवाखान्यात चारदा केला. तू दोन दिवस रजेवर आहेस म्हणाले; का, ते कोणाला ठाऊक नाही. माझ्याने जिनाही उतरवत नाही. हे पत्र गुरुवारी पोचेल. तोवर मी काय करू, ते मला कोणी सांगावे.

मामा

२९ मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सर्व सुखरूप आहोत. हे वाक्य आधी दोनदा वाचा, मग पुढे.

तुमचे पत्र काल मिळाले, पण आम्ही रविवारपासून दातांच्या डॉक्टरांकडे आहोत. मामा, मी तुमचे ऐकले नाही. शनिवारी विटा काढायच्या आधीच आमची दोन घरे जोडली, ती मोजली तशीच: वर दोन थर, खाली एक. सरस वाळावा म्हणून वर शब्दकोश ठेवला आणि झोपले. सकाळी पाहते तर खालची भिंत धनुष्यासारखी आमच्या बाजूला वाकलेली. पुठ्ठ्याचा तो बाक पाहिला, तुमचा ओळंबा घेतला आणि आमच्या खऱ्या भिंतीवर धरला. कमरेच्या उंचीला दोरी भिंतीला टेकत होती, वर दोन बोटे सुटली.

शिंपीकाकांना विचारले, तर त्यांनी लगेच कबूल केले. दिवाण हलवून जागा होईना, म्हणून दोन वर्षांपूर्वी कपाटासाठी त्यांनी भिंत आतून कोरली. सामाईक भिंत अर्धी आपली, आपल्या वाट्यातलेच काढले, शेजाऱ्याच्या विटेला हात लावला नाही, असे ते अगदी प्रामाणिकपणे सांगत होते. मग तुमचे सहा तारखेचे पत्र मी त्यांना वाचून दाखवले. ते त्या दिवसापासून मापाची टेप गळ्यात घालत नाहीत.

आई हलेना. पट्टीरावांच्या खेळण्यापायी मी घर सोडू का, म्हणाली. शेवटी मी मॉडेल तिच्या मांडीवर ठेवले आणि वरून बोट दाबायला सांगितले. तिने दाबले, भिंत आणखी वाकली, आणि ती चपला शोधू लागली.

मंगळवारी गवंडी पहिला टेकू बसवत असताना मधल्या विटा आमच्या बाजूला सुटल्या. तो उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. वरची भिंत टेकूवर थांबली. आईच्या खुर्चीचा मात्र भुगा झाला. तेव्हा दुपारचे चार वाजले होते, तिच्या चहाची वेळ.

रविवारची लढाई डॉक्टरांच्या प्रतीक्षाखोलीत होईल. वाकलेली भिंत मी बदललेली नाही, आगकाड्यांचे टेकू दिले आहेत. त्या दोन घरांत कोणत्याच सैन्याने शिरायचे नाही, असा नियम डॉक्टरांनी स्वतः लिहून काढला. माझ्या कामाला त्यांनी अजून नाव ठेवलेले नाही.

आईला खाली चार ओळी लिहायच्या आहेत. प्लास्टर निघेपर्यंत स्वतःला दोष देत बसू नका.
टिकली

पट्टीराव,
तुझं पत्र पोरीने वाचून दाखवलं. शेवटची ओळ मी पुन्हा वाचायला लावली. तू काय करू विचारतोस, तर जेव आणि झोप. चार रात्री झोपला नसशील, मला ठाऊक आहे.
तुझं न ऐकणं ती माझ्याकडून शिकली. त्यावरून पन्नास वर्षं भांडलास, आता ते भांडण मिटलं समज. पण मोजायचं ती तुझ्याकडून शिकली, हेही मी इथे लिहून देते. जपून ठेव, परत लिहिणार नाही.
पाय बरा झाला की ये. नवी खुर्ची आणायची आहे, आणि ती कोणत्या भिंतीला लावायची ते तू सांगितल्याशिवाय मी बसणार नाही.
ताई