हात बसेपर्यंत

प्रिय आत्या,

आज रोह्याच्या कंपनीला दर कळवला. तू गेल्यानंतरचा हा पहिलाच. तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

काम तेच, रसायन गाळायच्या कापडी पिशव्या. चारशे नग. दर जास्त लावला तर काम जाणार, कमी लावला तर गडब गावातली आपली शेड बंद करावी लागणार. शिवायला सुरेखावहिनी आणि तिची जाऊ, दोघीही नवख्या. तुझं मशीन झाकलेलं.

वहिनीला पहिल्या पिशवीला चाळीस मिनिटं लागली. मी घाबरले.

"अशी डोक्यावर उभी राहू नको गो," ती म्हणाली, "शिवण वाकडी जाते."

मग तुझी रीत आठवली. पहिल्या पिशवीवर भाव काढायचा नाही. दुसरी, चौथी, आठवी बघायची. बत्तीस मिनिटं. सव्वीस. एकवीस. पिशव्या दुप्पट झाल्या की वेळ पाचव्या हिश्शाने उतरत होता. पुस्तकात या उतरणीची आलेखावर रेघ काढतात. तू म्हणायचीस, हात बसतो.

उतरण पुढे किती जाईल? एकदा मी भिंतीवर तुझी बारा मिनिटं लिहून त्यावरच दर काढला होता. तू ओल्या फडक्याने आकडा पुसलास. "माझा हात नको धरू. मी नाय राहिले तर कोण शिवील, तू वहीत लिहितेस त्या कविता?"

या वेळी वहिनीचा हात धरला. गणपतीची सुट्टीही धरली. दहा दिवस मशीन बंद राहिलं की हात मागे जातो. मागच्या वर्षी मी ते विसरले, आणि मुदत गाठायला तू तापात बसून शिवलंस. मला एक शब्द बोलली नाहीस. का? रागावली असतीस तर आज सोपं गेलं असतं.

दुपारी सोळावी पिशवी सतरा मिनिटांत झाली. कागदावर मी आधीच सतरा लिहिली होती. वहिनीला दाखवलं, तर म्हणाली, "मग आता तरी चहा टाक."

कंपनीचं उत्तर सोमवारी येईल. काम मिळेल असं वाटतं.

इतकी वर्षं मी कागद सांभाळले, पिशवी एकही शिवली नाही. उद्या तुझ्या मशीनवरचं कापड काढून बसणार आहे. पहिलीला लागेल तेवढा वेळ लागू दे. तो लिहून ठेवीन, आणि दुसरी शिवायला घेईन.

तुझी,
मंगल