मायच्या लुगड्याचं दुपटं

१८ नोव्हेंबर
विहाराची मागची खोली मिळाली एकदाची. डिसेंबरअखेरपर्यंतच. तोवर लोक कपडे न्यायला यायला लागले तर ठीक, नाहीतर समितीला ती अभ्यासिकेसाठी हवी आहे. शाळेतल्या लताताईंनी त्यांच्या कॉलनीतून सात गाठोडी जमवून दिली. स्वेटर, चादरी, पोरांचे कपडे, सगळं धडधाकट. त्यांचे मिस्टर वाळूजला मोठे साहेब. कारखाने आले तसं त्या घरांत सामान मावेना. कचऱ्याच्या ढिगावर चांगल्या शाली जळताना मी स्वतः पाहिल्या. आणि इकडं, गावात घरं जाळली म्हणून पळून आलेली आमची माणसं विहाराच्या फरशीवर झोपतात. विद्यापीठाचं नामांतर मागितलं एवढाच गुन्हा. तिकडचं इकडं आणलं की झालं. किती सोपं!

२२ नोव्हेंबर
चार दिवस खोली उघडून बसले. कुणी नाही. शेजारची बाई दारात थांबली, आत बघितलं, पदर सावरून निघून गेली. नामांतराच्या मोर्च्यामुळे लोक बाहेर पडत नसतील, अशी मनाची समजूत घातली. खोटी.

२५ नोव्हेंबर
थंडी फार. काल चंद्रकलाच्या तान्ह्याला लाल स्वेटर घालून आले होते. (मामाची सून. घर जळालं त्यांपैकीच.) आज सकाळी परत! धुऊन, घडी करून हातात दिला.
"ताई, घर जळालं म्हून काय झालं. उतरलेलं नाय घ्यायचं आम्ही."
लेकराचे ओठ निळे. मी चिडून विचारलं, हे कुणी शिकवलं? मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाईंनी."
आत्याबाई म्हणजे माझी माय. माझ्याच घरातून सुरुंग!

२६ नोव्हें.
मायशी कडाक्याचं भांडण. आधी ऐकून घेत होती. मग म्हणाली,
"गावात मयत झालं की मढ्यावरचं लुगडं आपल्या दारात यायचं. म्या ते नेसून खुरपायला गेलेय, सुनंदे. दीक्षा घेतली त्या दिशी तुझ्या बापानं उतरलेलं सगळं पांदीत नेऊन टाकलं. चार महिने एका लुगड्यावर काढले. अंगावर वाळवायचं. आन् आता तू मास्तरीण होऊन तेच गाठुडं विहारात आणतीस?"
मला हे कधीच सांगितलं नव्हतं. पण मी तेव्हा थांबायला हवं होतं, थांबले नाही. म्हणाले, लेकरू गारठून गेलं तर तुझा ताठा पांघरशील का त्याच्यावर?
बोलून गेले. माय उठून बाहेर गेली.

२७ नोव्हें.
स. विहारात गेले. चं.च्या लेकरावर मायची गोधडी. घरी येऊन बघते तर माय नुसत्या चटईवर, खोकते आहे. एकच गोधडी आहे तिच्याकडे. कॉलनीतल्या चार चादरी मी तिच्याजवळ नेण्याची हिंमतही केली नाही. सात गाठोडी ऊब कुलपात आणि माझी माय अशी. जीव नकोसा झाला.

३ डिसेंबर
भाकरी थापता थापता मायनं विचारलं, "त्या बायांनी आपल्या घरचं कधी काही नेलंय का?"
नाही म्हटलं.
"मंग ते देणं नव्हं. ती झाडलोट."
वर्गात पोरांची बेरीज तपासतानाही तेच डोक्यात. लताताई मनानं चांगल्या आहेत, हे मी मायला सांगते की मलाच?

७ डिसेंबर
मायनं पेटी उघडली. दीक्षेनंतर घेतलेलं पहिलं कोरं लुगडं त्यात. आता विरून लोण्यासारखं मऊ. ते कापलं! मी हात धरला, तर झटकला. लताताईंची लेक बाळंतपणाला आली आहे, हे मीच कधी तरी घरी बोलले होते.
"तान्ह्याला जुनंच लागतंय. बामणाचं असू दे, कुणाचं बी. नवं टोचतंय." दुपटं शिवतेय. खोकत खोकत. टाके असे बारीक की सुई दिसत नाही.

१० डिसेंबर
लताताईंना परवा नातू झाला. दुपटं नेऊन दिलं. त्यांनी दोन्ही हातांत घेतलं, "किती मऊ गं!" म्हणाल्या. मग कुठं ठेवावं ते सुचेना. शेवटी टीव्हीवर ठेवलं.
मायची अट त्यांना सांगितली नाही. सांगण्यासारखी नव्हती: 'त्यांच्या लेकरानं हे पांघरलं, तर म्या सोता तुझी गाठुडी सोडीन.'

१५ डिसेंबर
मुद्दाम कॉलनीवरून गेले. दोरीवर बाळाचे कपडे वाळत होते. लंगोट, टोपरी, दुपटी. तीनदा बघितलं. आपलं नाही.
शाळेत लताताईंनी स्वतःहून विषय काढला. "तुझ्या आईचं दुपटं जपून ठेवलंय हं कपाटात. इतकं सुंदर, खराब व्हायला नको." हसून म्हणाल्या. खरंच हसून. मला रडू येत होतं, मुतारीकडे जाऊन रडले.
मायला म्हटलं, दोरीवर दिसलं. ती चूल फुंकत बसली.

१७ डिसें.
लेकराला न्युमोनिया. घाटी दवाखान्यात भरती. चं.नं मायची गोधडीच बरोबर नेली. डॉक्टर म्हणाले, ऊब ठेवा. हे मलाही ठाऊक होतं, गाठोडी आणली त्या दिवसापासून. हरले मी. समितीला सांगून टाकते, खोली घ्या.

१९ डिसेंबर
खोलीची किल्ली द्यायला निघाले, मायनं हातातून काढून घेतली. कमरेला खोचली.
उद्या लताताईंकडे बारसं. बोलावलंय. शाळेतून परस्पर जाईन म्हटलं, तर माय म्हणाली,
"पाळण्याजवळ जा. आत काय हातरलंय ते हात लावून बघ."
बरं म्हटलं.
"सुनंदे, ह्या खेपेला खरं सांग. दोरीवर नव्हतं, म्हाईत हाय मला."