झेंडूच्या हाराखालचा पत्रा

गेल्या सोमवारी सकाळी गाडी पुसताना पुढच्या पत्र्यावर जरा जोर दिला आणि माझे बोट फडक्यासकट आरपार गेले. वरून रंग शाबूत होता, आत पत्रा उरलाच नव्हता. बराच वेळ मी बोट तसेच ठेवून उभा राहिलो. मग घरात येऊन हा कागद लिहायला घेतला.

मी, दत्तू चिमाजी काकड, वय एकोणपन्नास, धंदा फुलशेती व वाहतूक, राहणार मखमलाबाद, तालुका जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून वा दडपणाने नव्हे, माझ्या हाताने लिहीत आहे. दसऱ्यानंतर माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. काळजी मला नाहीच, थकवा आहे. पांडुरंगाने ठेवले तर हा कागद ट्रंकेत पडून राहील, बोलावले तर मुलांच्या कामी येईल.

१. राहते घर मुलगा समाधान व सून दीपमाला यांना. त्यांच्या मनात स्वयंपाकघर वाढवायचे आहे, हे मला ठाऊक आहे. वाढवावे, पण देवघराची भिंत पाडू नये.

२. फुलांचा मळा समाधान आणि देवळ्याला दिलेली मुलगी तृप्ती यांना निम्मा निम्मा. विहिरीचे पाणी दोघांचे. तृप्तीने हक्कसोडपत्रावर सही करू नये, कोणी कितीही गोड बोलले तरी.

३. पतसंस्थेतील ठेव ऑपरेशनातून उरली तर तृप्तीची. माझे टाळ भजनी मंडळाला. मंडळ हल्ली अभंग फार पळवते. माझे टाळ तरी संथ वाजवावेत.

४. मॅटॅडोर गाडी समाधानची. मात्र या कलमाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. गाडी घेतली तेव्हापासून माझी पत्नी भागुबाई पहाटेच्या पहिल्या तोड्यातल्या झेंडूचा हार ओवून गाडीच्या पुढच्या पत्र्यावरील हुकाला घालत असे. या पत्र्याला गॅरेजवाले शो म्हणतात. फुले दवाने ओली असत, त्यावर ती पुन्हा पाणी शिंपडे. कालचा हार मार्केटात उतरवू देत नसे, कारण निर्माल्य कोणाच्या पायाखाली यायला नको. एकादशीला सगळे हार स्वतः उतरवून तुळशीच्या आळ्यात घाली. तोवर ओल्यावर ओले चढत राही. लोकांच्या गाड्या चाकांकडून गंजतात, आमची हाराखालून गंजली.

नाशिकमधील द्वारका चौकाजवळच्या गॅरेजातले हनीफभाई पहिल्याच दुरुस्तीला म्हणाले, "दत्तूभाऊ, हाराखालीच खातोय पत्रा. वहिनींना सांगा."

मी म्हणालो, "तिला नाही सांगायचे. तुम्हीही नाही. माझी शपथ आहे."

दरवेळी तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करून घ्यायचा आणि घरी सांगायचे, इगतपुरीच्या घाटात पाऊस फार, त्याने गंज धरतो. ती म्हणे, "मग घाटात जरा दमानं न्या." पुढे हनीफभाईंनी हुकामागे सायकलच्या ट्यूबची पट्टीही लावली.

चार वर्षांपूर्वी काविळीने ती गेली. हार बंद झाला, गंज थांबला नाही. तो केबिनच्या तळात उतरला. गेल्या महिन्यात चालत्या गाडीत समाधानच्या टाचेखालचा पत्रा सुटला. परवा तो पुन्हा म्हणाला, "आबा, भंगारात घाला हिला, नाहीतर तळ अन् शो बदला. ब्रेक दाबायला टाच टेकवू कुठं?"

"आता घट बसायचेत. नवरात्रात नको."

"पितरांत म्हणले पितर चालू हायेत. त्याच्या आधी गणपती होते."

त्याचे खरे आहे. तरीही लिहितो: माझ्या हयातीत पुढचा पत्रा कापू नये.

५. धाकटा भाऊ यादव यास काही नाही. भागुबाईच्या दहाव्याला, कावळा शिवायची वाट पाहत आम्ही रामकुंडावर बसलो असताना तो म्हणाला, "भाऊ, ती गाडी विकून टाक आता. वहिनीच्या हारांनी पार सडवली." त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. त्याने माझ्या गाडीला हात लावू नये.

येथवर सोमवारी लिहिले. पुढचे आज, शनिवारी.

६. गुरुवारी गाडी हनीफभाईंकडे नेली आणि म्हटले, आणखी एक तुकडा लावा. त्यांनी हातोडी टेकवली तर भुगा पडला. "वेल्डिंग धरायला पत्रा तर पाहिजे ना, दत्तूभाऊ. पापडाला ठिगळ लावता येतं का?"

मी म्हटले, "मग तुमची ही रबराची पट्टी तरी काढून द्या मला."

"माझी कुठं? वहिनींची हाय."

मी वाकून पाहिले. पट्टीला दोरा हार ओवायचा होता, गाठही तिचीच. इतकी वर्षे फडके फिरवूनही मी ती गाठ पाहिली नव्हती.

हनीफभाई म्हणाले, "तुम्ही मार्केटात असताना आल्या होत्या. ट्यूब मागून नेली. म्हणाल्या, घाटातला पाऊस बरोबर हाराखालीच पडतो व्हय? पण यांना बोलू नका, मला कळलं म्हणून यांना वाईट वाटंल. त्यांनी पण शपथ घातली. मी काय करणार? दोघांच्या पाळल्या."

७. म्हणून कलम चारमधील अट आणि कलम पाच संपूर्ण मी रद्द करतो. पत्रा माझ्यासमोर कापला. कापताना मी हात जोडले होते. मशीनच्या आवाजात नाव घेतले, ते माझे मलाही ऐकू आले नाही. तळ नवा झाला, नवा शो बसला, अजून नुसता तांबडा प्रायमर आहे. तिचा हूक पट्टीसकट त्याच जागी लावून घेतला. दसऱ्याला दीपमालेने हार घालावा आणि संध्याकाळी उतरवावा. गाडी ठेवायची की विकायची ते समाधानने ठरवावे.

आज सकाळी मी स्वतः यादवच्या घरी गेलो. तो दारातच म्हणाला, "भाऊ, आधी चहा का आधी भांडण?"

मी म्हटले, "आधी सही कर."

लिहून देणार: दत्तू चिमाजी काकड

साक्षीदार:
१. हनीफ उस्मान शेख, द्वारका, नाशिक
२. यादव चिमाजी काकड, मखमलाबाद

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: ८ ऑक्टोबर २००५