तिसरी उशी

शुक्रवार, दि. ९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रथम तक्रार, क्षेमकुशल नंतर. गेल्या खेपेला तू आमचं स्वयंपाकघर नीट लावून गेलीस, तेव्हापासून साखरेच्या जागी मीठ नांदतं आहे. सकाळचा पहिला चहा मी खारट पितो आणि तुझं पुण्यस्मरण करतो. जिवंत माणसाचं ते करू नये, हे ठाऊक असूनही. तुझ्या भावजयीचं म्हणणं, बरण्या काचेच्या आहेत, डोळे उघडून बघावं. उभा जन्म शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला बरणीत डोकावायला लागावं, ही अधोगती नव्हे तर काय?

आता क्षेम. मंगळवारच्या वादळातून घर वाचलं, आम्हीही वाचलो. फोन अजून मुका आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. निघताना तू बजावलं होतंस, की आईचं जे दिसेल ते न सजवता कळव. तिला इथेच ठेवायचं की तुझ्याजवळच्या वृद्धनिवासात न्यायचं, ते महिनाअखेरीस ठरवू. तर हे न सजवलेलं.

संध्याकाळीच वीज गेली. दाराची कडी एका लयीत वाजत होती; कोणी सभ्य गृहस्थ बाहेर तिष्ठत उभा असावा, आणि कंटाळला तरी आवाज चढवत नसावा, तशी. मग वरच्या खोलीचं तावदान फुटलं आणि आई उठली. दिवसा स्वतःच्या खोलीची वाट विचारणारी आपली आई त्या मिट्ट काळोखात कुठेही न अडखळता जिन्याशी आली. बाह्या सरसावल्या. आवाज थेट तिच्या नोकरीतला, मुलांच्या वॉर्डातल्या रात्रपाळीचा. खिडक्यांजवळची मुलं ताबडतोब खाली हलवा, असा हुकूम सुटला. घरात मूल नाही, नात वसतिगृहात आहे, हे मी सप्रमाण पटवू लागलो. तिने मला वॉर्डबॉय ठरवलं, त्यातही कामचुकार. तुझी भावजय हळूच म्हणाली, की वाद पुरे, उशा आणा.

मी तीन उशा पांघरुणांत गुंडाळून दिवाणखान्यात ओळीने निजवल्या. आई अंधारात एकेकीपाशी वाकून कपाळाच्या जागी हाताची पालथी बाजू टेकवत गेली. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीपाशी थांबली.

“याला ताप आहे,” म्हणाली.

मग रात्रभर गार पाण्याची घडी. बाहेर झाडं मोडत होती, शेजारचा पत्रा उडून गेला. तिने मान वर केली नाही. उजाडता उजाडता निजली, आणि उठल्यावर आम्हालाच फैलावर घेतलं, की उशी ओली कोणी केली?

कळावे. लोभ वादळात टिकला आहे, तो उन्हातही टिकवावा.

तुझा,
पंडित

*

बुधवार, दि. १४

चि. पंडितास,
अ. उ. आ.

मीठ मुद्दाम ठेवलं. तुझी साखर कमी व्हावी म्हणून. बाकी तुमचा फोन अजूनही लागत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू अगदी लहान होतास, तेव्हाही असंच एक वादळ झालं होतं. आई रात्रपाळीला होती. सकाळी आली ती पायातलं न काढता आधी आपल्या दोघांच्या कपाळाला हात लावून गेली. पुढे मी मोठी झाल्यावर एकदाच बोलली. त्या रात्री इस्पितळातले दिवे गेले होते, आणि तापातल्या एका मुलाच्या कपाळावर ती पहाटेपर्यंत घड्या ठेवत बसली होती. उजाडल्यावर डॉक्टर म्हणाले, हे मध्यरात्रीच गेलंय. आईने ते कधीच मानलं नाही. शेवटपर्यंत ताप होता, माझ्या हाताला कळत होतं, एवढंच म्हणायची.

तेव्हा हे आजचं नाही. तरी भावजयीने किती जागायचं? निवासात मी बोलून ठेवलंय, महिनाअखेरीस आईला घेऊन ये. रात्री तिथे ती घाबरेल का, तेवढं कळव.

आणि एक. तू पत्र्यापासून पाण्यापर्यंत सगळं लिहिलंस, पण ती उशी हाताला कशी लागली, ते लिहिलं नाहीस. तुला ओळखते म्हणून विचारते.

सगळ्यांना आशीर्वाद. जेवत जा.

ताई

*

सोमवार, दि. १९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन परवा सुरू झाला. पण तो दिवाणखान्यात, आणि आई त्याच्याच शेजारी बसते. म्हणून पुन्हा कागद.

लावला होता हात. पहाटेकडे आई जरा टेकली, तेव्हा घडी मी बदलली. गार ठेवलेलं फडकं उचलताना हाताला ऊन लागलं. तुझ्या भावजयीला हात लावून बघायला सांगितलं. तिने बघितलं, म्हणाली थंडगार आहे हो, आता तुम्हीही झोपा. मी मनाशी तर्क मांडला: पाण्यात बुडून गारठलेल्या हाताला काहीही ऊनच लागणार. बरा तर्क आहे. विद्यार्थ्याने मांडला असता तर मी गुण दिले असते.

उशी वाळवून वरच्या कपाटात ठेवली. काल वारा नव्हता, दिवे होते, हात कोरडे होते. कपाट उघडून बघितलं. ऊन होती. खाली आलो तर आई जिन्याच्या पायरीशी उभी. उतरला का, म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. ती मान हलवून निजायला गेली, आणि मी घडी भिजवायला.

तुझ्या भावजयीला हे ठाऊक नाही.

तू म्हणतेस तसं महिनाअखेरीस आईला घेऊन येतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ती घाबरणार नाही. ती कधीच घाबरली नव्हती.

लोभाचं मागणं दर पत्रात करतो, आज ते राहू दे. ताई, मला आईची काळजी नाही. ती तिकडे आली की रात्री त्याच्यापाशी बसायला मी एकटाच उरेन. त्याची भीती वाटते.

तुझा,
पंडित