छोट्या खोलीचं माप

प्रिय विजू,

छोट्या खोलीच्या एसीचा हिशेब मागितला होतास. एक टनाचं गरम-गार स्प्लिट, तांब्याचा पाइप, बाहेरच्या युनिटचं स्टँड, स्टॅबिलायझर, सगळं मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास जातं. फिटिंग बापाचं, म्हणून फुकट, असं रविवारी तुझ्या हॉलमध्ये मी ऐटीत म्हणालो. ते फुकट नव्हतं. काय पडलं ते सांगायलाच बसलोय.

खोली मशीनला चांगली आहे. नऊ बाय दहा, पश्चिमेची भिंत, वर थेट गच्चीचा स्लॅब. मेमध्ये भट्टी आणि जानेवारीत तळेगावची थंडी, म्हणजे दोन्हीला उपयोगी. पाण्याच्या नळीला उतारही मिळतो. अट एकच, दार-खिडकी बंद ठेवावी लागते. हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, ती बंदच असते बाबा. मी वहीत लिहिलं, ‘बंद असते’, आणि पुढच्या भिंतीला टेप लावला.

मग तू विचारलंस, जुन्या पद्धतीचं, जरा आवाज करणारं मशीन मिळेल का. मी हसलो. दिग्विजयराव सोफ्यावरून म्हणाले, तुमची मुलगी अशीच, पैसे देऊन खटारा मागेल. त्यालाही मी हसलो. सृष्टी टेपचं टोक धरून माझ्या पायाशी उभी होती. तिने हळूच विचारलं, आजोबा, मशीनचा आवाज बाबांपेक्षा मोठा असतो का? मी म्हणालो, नाही गं बाळा, हल्लीची मशीनं मांजरीसारखी, चालू आहे की बंद तेसुद्धा कळत नाही. तिने टेप सोडून दिला. मला वाटलं, पोर कंटाळली.

लातूरहून आलो तेव्हा भोसरीच्या एका वर्कशॉपात मी फ्रिज पुसायचो, हे तुला पाठ आहे. शिक्षण आठवी, पण कान तयार झाला. आज संत तुकाराम नगरात स्वतःचं दुकान आहे ते त्या कानांवर. जिन्यात उभा राहून सांगतो, तिसऱ्या मजल्यावर पंखा घासतोय की कॉम्प्रेसर जातोय. गिऱ्हाईक म्हणतं, ज्योतीरामभाऊ, तुमच्या कानातून काही सुटत नाही. मीही तेच मिरवत आलो. तुझ्या लग्नात मांडवात म्हणालो होतो, जावई वाजवून घेतलाय.

सोमवारी दुकानात तुझ्या खटाऱ्याचा किस्सा रंगवून सांगितला. धम्मपाल, वीस वर्षं माझ्याकडे असलेला मेकॅनिक, हसला नाही. म्हणाला, भाऊ, इतक्या वर्षांत आवाज करणारं मशीन कोणी मागितलंय का? त्या खोलीत लेकराच्या कानावर काय पडू नये म्हणतेय ती, विचारलंत का? मी पाना खाली ठेवला. मग एकेक समोर आलं. दाराला आतून नवी कडी, खाली लाकडाचा भुसा. एप्रिलच्या उकाड्यात तुझा मनगटापर्यंतचा कुर्ता. त्या कडीचा एक स्क्रू सैल होता, तो मीच आवळून दिला होता.

तेव्हा माझं उत्तर असं, की त्या घरात मी मशीन बसवणार नाही. फोनवर बोललो असतो, तर तू सगळं ठीक आहे म्हणून ठेवला असतास. म्हणून हे पत्र धम्मपाल आणतोय, माप पुन्हा घ्यायचंय असं तो सांगेल. वाचून त्याच्याकडेच परत दे. गुरुवारी दिग्विजयची फर्स्ट शिफ्ट, चाकणची बस साडेपाचला जाते. सातला मी टेम्पो घेऊन खाली उभा असेन. सृष्टीची पुस्तकं आणि तुझे कागद तेवढे काढून ठेव, बाकी राहू दे. आईने मधली खोली झाडून ठेवली आहे. तिथे एसी नाही, पंखा आहे, तोही खडखडतो. नाही आलीस तर जोर करणार नाही, पुढच्या गुरुवारी पुन्हा उभा राहीन.

एक सांगितल्याशिवाय तुला ये म्हणायचं माझं तोंड नाही. गेल्या दिवाळीत स्वयंपाकघरात तू आईला म्हणालीस, मला आठ दिवस इथेच राहू दे, परत पाठवू नका. मी बाहेर टीव्ही बघत होतो. मला ऐकू आलं होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

तुझाच,
बाबा