झोळीला खालून चेन

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, वाकलो तर उठवायला तुलाच यावं लागेल. कशाने धरली ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं कमी झालं, की शेजाऱ्यांनीच घर बदललं? बाळंतपणाला आलेली भाची आता सावरली असेल. बाळराजे मान धरायला लागले आणि मांडीवरून खाली ठेवलं की भोकाड पसरतात, हे फोनवर कळलं. इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे ही मजेत आहे, माझ्याकडे बघून.

तुला ठाऊकच आहे, जन्मभर मी फर्निचरच्या दुकानात सोफ्याची आणि उशांची कव्हरं शिवली. मध्यंतरी मालकाने कारखान्यातून तयार कव्हरं मागवली आणि मला म्हणाला, मास्तर, आता आराम करा. आराम कसा करतात हे मला कोणी शिकवलेलंच नाही. मशीन घरी आणलं, कोपऱ्यात ठेवून वर चादर टाकली आणि शेजारी मी बसलो. ही म्हणाली, तुमच्यावरही एक टाकू का, धूळ बसायची. खरं सांगतो ताई, हाताला काम नसलं की मी स्वतःच्याच घरात पाहुणा आहे असं वाटतं, आणि पाहुणाही असा, की जायचं नाव काढत नाही.

अशात वरच्या मजल्यावरची सून बाळाची झोळी घेऊन आली. (तान्ह्या मुलाला पोटाशी बांधून हात मोकळे ठेवायची, पट्ट्यांची.) विकतची होती, पट्टा निघाला होता. मी उलटून बघितलं तर कापड झकास आणि शिलाई अगदीच रडकी. पट्टा तर शिवून दिलाच, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. त्याच आठवड्यात मशीनवरची चादर निघाली आणि मी बाळझोळीचा कारखानदार झालो.

पहिल्या नगाला पायांसाठी जागाच ठेवली नव्हती. (उशीला पाय नसतात.) हिने ते दाखवून दिलं, मी सुधारलं. दुसऱ्यात एवढा जाड फोम घातला की बाळ आत बसलं असतं की बाहेर ढकललं गेलं असतं, सांगता येत नाही. आमच्याकडे पाळणा कधी हलला नाही, त्यामुळे बाळ हा माल मला मापाने माहीत नाही. शेवटी पाच किलो तांदळाची पिशवी झोळीत घालून मी बाजारभर हिंडू लागलो. पट्टे कुठे काचतात, शिवण कुठे ताणते, हे अंगावर घातल्याशिवाय कळत नाही. कंबर त्यातच गेली. आणि ताई, हात आपोआप थोपटायला लागतो गं! बसथांब्यावर एका बाईंनी प्रेमाने विचारलं, किती महिन्यांचं? मी माझ्याच नादात सांगितलं, एक महिना पुरतं. त्यांनी ती बस सोडून दिली.

तर असा तयार झालेला उत्तम नग तांदळाच्या पिशवीसकट घेऊन मी मोठ्या रस्त्यावरच्या लहान मुलांच्या दुकानात गेलो. तिथल्या मालकीणबाई करड्या, पण पारखी. त्यांनी शिवण ताणून पाहिली, पट्टे ओढले, कडेच्या गोल पायपिंगवरून बोट फिरवलं आणि चक्क हसल्या. काचेत लावते म्हणाल्या. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जन्माची सवय, गिऱ्हाईक खूश झालं की मी शेवटी चेन दाखवतो. कव्हर म्हटलं की ते धुवायला निघालं पाहिजे, आणि चेन म्हटली की ती दिसता कामा नये, म्हणजे बुडाला. झोळीलाही हाताने आपसूक तिथेच लावली होती, आणि अशी बेमालूम लपवली होती की हिच्या नजरेसही पडली नाही. धुवायला बघा किती सोपं, म्हणत मी चेन ओढली. पिशवी धपकन खाली पडून फुटली आणि दुकानभर तांदूळ झाला. पोटुशी असलेली एक गिऱ्हाईक बाई मटकन खुर्चीत बसली. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, मास्तर, आधी तांदूळ उचला.

उचलता उचलता मलाच घाम फुटला. आत तांदळाऐवजी कोणी असतं तर? घरी येऊन सगळ्या चेना उसवल्या, बुडाला अखंड कापड लावून दुहेरी शिवण मारली. मग झोळीत मशीनचं लोखंडी मुंडकं घालून ती भिंतीवरच्या खुंटीला टांगली. भिंतीतून खुंटी उपटून आली, शिवणीचा धागा हलला नाही. मालकीणबाईंना हे जाऊन सांगितलं, तर त्या म्हणाल्या, खुंटीचं मला सांगू नका, रविवारी खरं बाळ आणा, त्याच्या आईने स्वतःच्या हाताने झोळीत घालून दुकानात एक फेरी मारली, तर माल घेईन. नाहीतर पुन्हा येऊ नका.

पण तांदळाची बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली होती. वरच्या मजल्यावरची सून मला बघून खिडकीतून हात हलवते, बाळ दुसऱ्या हाताने घट्ट धरून. बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी तुम्ही सगळे जेवायला का येत नाही? बाळराजांनाही आणा. अगदी सहज सुचलं.

आणखी ता. क. आईलाही आणा. म्हणजे बाळाच्या. तिच्याशिवाय चालणार नाही.

(खालच्या ओळी हिच्या. पत्र चिकटवू देत नाही.)

वन्सं, नमस्कार. यांच्या शब्दावर बाळ पाठवू नका. शनिवारी मीच झोळी घेऊन येते. तुमच्या लेकीला एकेक शिवण ओढून बघू दे, मनात शंका राहिली तर सरळ नाही म्हणू दे. पण वन्सं, जमलं तर या. यांनी तो तांदूळ निवडून नव्या मऊ पिशवीत भरला आहे, तिला टोपडंही शिवलं आहे. काल घरातला तांदूळ संपला म्हणून मी ती पिशवी मागितली, तर हे थोपटत म्हणाले, जरा थांब, आत्ताच डोळा लागलाय.