एका डोळ्याचा बिबट्या

तीर्थस्वरूप झुंबरआत्यास सोमनाथचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी इकडे अंबडला सुखरूप आहे, निदान शुक्रवारपर्यंत तरी. पत्र पेठच्या एस.टी.तल्या कंडक्टरजवळ देतो आहे. तुझा दत्तू वाचून दाखवेल, पण आशालाही शेजारी बसव. (तो ओळी गाळतो. ती गाळू देत नाही.)

आत्या, तुला माहीतच आहे, मी शिवणाच्या कारखान्यात तयार कपडे तपासतो. शाळा नववीत सुटली, पण एक टाका सुटलेला दिसला तरी मला जेवण जात नाही. झालं असं, की डिझायनर मोहिनी मॅडम आणि कॉलेजच्या पोरांना ढगळ कपडे विकणारी ‘गल्ली सात’ कंपनी यांनी मिळून एक टॉप काढला. (याला कोलॅब म्हणतात. कपडा एक, नावं दोघांची, लग्नपत्रिकेसारखी.) लांब बाह्यांच्या टी-शर्टावर आखूड बाह्यांचा दुसरा, कायमचा शिवलेला! आतल्यावर अख्खा बिबट्या छापलेला, आणि वरच्याला छातीवर भोक, त्यातून बिबट्याचा एकच डोळा दिसतो. दोरे लोंबतायत, एक बाही दुसरीपेक्षा लांब. मला वाटलं, कुणीतरी घाईत दोन कपडे एकात शिवले. मी पाठीवर खडूनं मोठी फुली मारली आणि टॉप चिंध्यांच्या पोत्यात टाकला. ते पोतं नेहमीप्रमाणे दत्तूनं शनिवारी तुझ्या गोधड्यांसाठी नेलं.

सोमवारी कळलं, तो एकुलता एक नमुना होता. भोक, दोरे, बाही, सगळं मुद्दाम! त्याच्यावरूनच सगळा माल कापायचा आहे. कटिंगचे रंगनाथ मास्तर म्हणाले, “सोम्या, मापं आता तुझ्या थोबाडावरून घेऊ का?” शुक्रवारी मॅडम येणार. नमुना नसेल तर मी तपासणीतून उठून पुन्हा दोरे कापायला.

तेव्हा आत्या, कात्री खाली ठेव. लावली असलीच, तर तुकडे पाठव, मी जोडीन. (वाकडं जोडलं गेलं तर मॅडमना जास्तच आवडेल.)

तुझा भाचा,
सोमनाथ

ता. क. पोतं उपसू नकोस. कारखान्यातल्या किशोरनं आत्ताच मला दत्तूचं स्टेटस दाखवलं. गॉगल, मोटारसायकल आणि छातीवर एक डोळा. म्हणून हा माझा फोन उचलत नाही! (आशा, ही ओळ त्यानं गाळली असेल, तू वाच.) तो टॉप काढेपर्यंत त्याला जेवायला वाढू नकोस.

ता. क. दत्तू, स्टेटसमध्ये तुझा पाठमोरा फोटोही आहे. खडूची फुली अजून गेलेली नाही. माझी ‘माल रद्द’ची खूण पाठीवर घेऊन तू चार दिवस पेठभर फिरतो आहेस.